एन्कोर सीएस६ नंतर डीव्हीडी ऑथरिंगसाठी काय वापरावे?

रंगमुद्रण

नमस्कार. सांगली आणि परिसरात मी हौशी नाट्यप्रयोगांचे व शास्त्रीय संगीताच्या बैठकींचे चित्रीकरण करतो. हल्ली बहुतेक जण पेन ड्राइव्ह किंवा लिंक मागतात; तरी काही वाचनालये, संस्था आणि बरेचसे ज्येष्ठ कलावंत अजूनही डीव्हीडीचाच आग्रह धरतात. अंकवार मेन्यू असलेली, वर नाव छापलेली आणि कपाटात लावता येणारी तबकडी म्हणजेच प्रयोगाची खरी प्रत, असे त्यांना वाटते. त्यामुळे ‘डीव्हीडी आता कोण पाहतो’ ही चर्चा इथे नको, अशी आधीच विनंती करतो.

आजवर हे सारे काम मी अॅडोबी एन्कोर या डीव्हीडी-ऑथरिंगच्या (म्हणजे व्हिडिओला मेन्यू व चॅप्टर जोडून तबकडीची रचना करण्याच्या) सॉफ्टवेअरवर करत आलो. मेन्यू फोटोशॉपमध्ये रचायचा, बटणाच्या लेयर-गटाच्या (चित्रातल्या थरांच्या गटाच्या) नावाआधी कंसात अधिक चिन्ह लिहायचे, बटण निवडल्यावर उजळणाऱ्या लेयरच्या नावाआधी कंसात बरोबरचे चिन्ह आणि १ लिहायचा, की एन्कोर तो मेन्यू जसाच्या तसा उचलून घेत असे. ही सोय मला दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही. परंतु २०१२ च्या सीएस६ या अॅडोबीच्या संचातली आवृत्ती ही एन्कोरची शेवटची आवृत्ती ठरली. पुढच्या वर्षी सीसी नावाने नवी मालिका आली तेव्हा तिच्यात एन्कोर नव्हते. माझा जुना संगणक विंडोज ७ वर आहे आणि तो फार काळ टिकेल असे दिसत नाही. नवा संगणक विंडोज ११ वर आहे आणि त्यासाठी काय निवडावे, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या गरजा अशा. मेन्यू माझ्या रचनेचा आणि देवनागरीत असावा, तयार साच्यातला नसावा. नाटकाला प्रवेशवार आणि बैठकीला रागवार चॅप्टर हवेत. काही प्रयोगांना मराठी व इंग्रजी अशी दोन उपशीर्षके असतात. बहुतेक प्रती पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या असतात, पण काही कलावंतांची मुले अमेरिकेत असल्यामुळे अधूनमधून एनटीएससी या तिथल्या टीव्ही-पद्धतीची प्रतही लागते. पैसे मोजायची तयारी आहे, मात्र मासिक वर्गणी नको.

तिसरी घंटा

सॉफ्टवेअरची अद्यतने थांबली म्हणजे ते निकामी झाले, हे इतर कामांत जितके खरे असते तितके डीव्हीडीच्या बाबतीत नसते, हे आधी लक्षात घ्यावे. पहिले प्लेअर १९९६ मध्ये बाजारात आले आणि डीव्हीडी-व्हिडिओची चौकट तेव्हापासून जवळजवळ तशीच आहे. पालसाठी ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चित्रे, एमपेग-२ या आकुंचन-पद्धतीतला व्हिडिओ, त्याची सेकंदाला कमाल ९.८ मेगाबिट आणि आवाज-उपशीर्षके धरून एकूण १०.०८ मेगाबिट, असे सगळे ठरलेले आहे. २०१२ च्या सॉफ्टवेअरने बांधलेली तबकडी आणि आज बांधलेली तबकडी यांत प्लेअरला काहीच फरक दिसत नाही. या क्षेत्रात नव्या आवृत्तीने द्यायचे असे फारसे काही उरलेलेच नाही, आणि कंपन्यांनी ही सॉफ्टवेअर सोडून देण्यामागे गिऱ्हाईक आटणे हे कारण असले तरी हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

जुने झाले आहे ते सॉफ्टवेअरच्या भोवतीचे सगळे. कॅमेरे आणि फोन आता एचईव्हीसी या नव्या आकुंचन-पद्धतीमध्ये, ४के आणि ५० फ्रेमने चित्रीकरण करतात, ते जुन्या ऑथरिंग सॉफ्टवेअरला उघडता येत नाही. उघडले तरी त्याचा अंगभूत एन्कोडर चित्र लहान करताना धार घालवतो. कार्यप्रणाली बदलते. ऑनलाइन सक्रियकरण मागणारे कोणतेही जुने सॉफ्टवेअर समोरचा सर्व्हर चालू असेपर्यंतच नव्या यंत्रावर चढते. म्हणून ‘एन्कोरला पर्याय कोणता’ असा एकच प्रश्न न विचारता कामाचे तीन तुकडे करावेत: एन्कोडिंग (चित्र-आवाज डीव्हीडीला चालेल अशा रूपात आणणे), ऑथरिंग आणि डिस्क लिहिणे. यांपैकी अद्ययावत राहण्याची गरज फक्त पहिल्या तुकड्याला आहे, आणि त्यासाठी एफएफएमपेग आहे. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, त्याच्यावर सतत काम चालू असते, आणि त्यात ‘टार्गेट’ म्हणून पाल-डीव्हीडी किंवा एनटीएससी-डीव्हीडी सांगितले की आकार, फ्रेमदर, कमाल बिटरेट (सेकंदाला लागणारे बिट), आवाजाचा ४८ किलोहर्ट्झ दर हे सारे ते स्वतःच चौकटीत बसवते. बिटरेट मात्र आपण सांगावा, कारण न सांगितल्यास ते ६,००० किलोबिट धरते आणि लांबलचक प्रयोग एका तबकडीत मावत नाही.

इथे एक हिशेब मांडतो, कारण सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा चित्राच्या दर्जावर त्याचा परिणाम जास्त होतो. एकथरी तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांचे ७,२०० सेकंद धरले तर आवाजासह सरासरी ५.२ मेगाबिट मिळतात, आणि तीन तासांच्या नाटकाला जेमतेम साडेतीन. साडेतीन मेगाबिटमध्ये मंद प्रकाशातले रंगमंचाचे चित्र, विशेषतः काळ्या पडद्याची पार्श्वभूमी, चौकोनांनी भरून जाते. नाटकाला मध्यंतर असतेच, तिथेच दोन तबकड्या कराव्यात. दीड-दीड तासाला जवळजवळ सात मेगाबिट मिळतात आणि प्रेक्षकालाही ते खटकत नाही. दुथरी तबकडी हा दुसरा मार्ग आहे, पण जुन्या प्लेअरच्या भरवशावर मी तो ज्येष्ठांसाठी सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट फील्डच्या क्रमाची. इंटरलेस्ड चित्रात प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डमध्ये, विभागलेली असते. आपला एचडी कॅमेरा ५० इंटरलेस्डमध्ये चित्रित करत असेल तर त्यात वरचे फील्ड आधी येते. जुन्या डीव्ही टेपमध्ये खालचे आधी असते. इंटरलेस्ड चित्र थेट लहान केले तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात. आधी ते ५० पूर्ण फ्रेममध्ये मोकळे करावे (एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर ते काम करतो), मग लहान करावे, मग पुन्हा इंटरलेस करावे आणि ऑथरिंगमध्ये तोच क्रम नोंदवावा. क्रम उलटा पडला की तबलजीची बोटे पुढे-मागे थरथरताना दिसतात. संगणकावर ते लक्षात येत नाही, टीव्हीवर लगेच येते.

ऑथरिंगसाठी काय घ्यावे, हे इतर जण सांगतीलच. माझे म्हणणे एवढेच की जे निवडाल त्याने तयार एमपेग-२ फाइल पुन्हा एन्कोड न करता जशीच्या तशी घेतली पाहिजे. ही एक अट पूर्ण झाली की ऑथरिंगचे सॉफ्टवेअर किती जुने आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

पडद्यामागे

वरील विवेचनाशी सहमत आहे. आता नावे घेऊन लिहितो.

डीव्हीडीस्टायलर हे मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. नवीन आवृत्त्या येण्याचा त्याचा वेगही मंदावलेला आहे, परंतु ते विंडोज ११ वर चालते आणि सक्रियकरणाची भानगड त्यात नाही. व्हिडिओच्या गुणधर्मांत ‘कॉपी’ हा पर्याय निवडला की आपली तयार फाइल ते पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे वर सांगितलेली अट पूर्ण होते. मेन्यूसाठी फोटोशॉपमधून पूर्ण पार्श्वभूमी चित्र म्हणून काढावी, अक्षरे त्या चित्रातच असावीत, आणि त्यावर मजकूर नसलेली बटणे ठेवावीत. एन्कोरमध्ये बटण उजळण्याचा आकार आपण स्वतः रेखाटत होता, तेवढे स्वातंत्र्य इथे सहज मिळत नाही.

टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स हे पेगासिस या जपानी कंपनीचे आहे, विकत घ्यावे लागते, वर्गणी नाही, आणि विशेष म्हणजे आजही विक्रीत असलेल्या मोजक्या ऑथरिंग सॉफ्टवेअरपैकी ते एक आहे. त्याचे एन्कोडिंग चांगले आहे आणि चौकटीत बसणाऱ्या फाइलचा फक्त कापलेला भागच ते नव्याने एन्कोड करते. परंतु त्याची मेन्यूची कल्पना साच्यांवर आधारलेली आहे. साचे बदलता येतात, पार्श्वभूमी आपली घालता येते, तरीही एन्कोरच्या फ्लोचार्टमध्ये आपण जसे एखाद्या बटणावरून कुठेही उडी मारू शकत होतो आणि प्रवेश संपल्यावर कोणत्या मेन्यूवर परतायचे हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरवू शकत होतो, तसा मोकळेपणा त्यात नाही. चाचणी आवृत्तीवर एक जुना मेन्यू उभारून पाहावा आणि मगच पैसे भरावेत.

सोनीचे डीव्हीडी आर्किटेक्ट आपल्या गरजांना सर्वांत जवळचे ठरले असते. पण २०१६ मध्ये ते व्हेगास या संपादन-सॉफ्टवेअरसोबत मॅजिक्स कंपनीकडे गेले आणि आता तेही एन्कोरच्याच रांगेत उभे आहे. डीव्हीडी फ्लिकची शिफारस अजूनही जागोजागी आढळते. त्याची शेवटची आवृत्ती २००९ ची आहे आणि मेन्यू अगदी प्राथमिक आहेत, तेव्हा आपण तिकडे वळू नये.

रंगमुद्रण

दोघांचेही आभार. मध्यंतराला तबकडी बदलण्याची सूचना इतकी सरळ आहे की ती लगेच अमलात आणतो. दोन गोष्टी अजून अडलेल्या आहेत. पहिली म्हणजे मराठी उपशीर्षके: अनेक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही, त्याला डीव्हीडीस्टायलर किंवा इतर कोणते अपवाद आहे का? दुसरी म्हणजे एनटीएससी: बैठकीची प्रत अमेरिकेसाठी करताना २५ फ्रेमचे ३० करायचे कसे? एका परिचिताने चित्राची गती थोडी कमी करून २४ वर आणण्याचा मार्ग सुचवला आहे, कारण पुढचे रूपांतर प्लेअर स्वतःच करतो.

टाक-बोरू

गती कमी करण्याचा मार्ग चित्रपटासाठी चालतो, बैठकीसाठी मुळीच नको. २५ चे २३.९७६ केले की आवाजही चार टक्के संथ होतो आणि सूर सुमारे पाऊण अर्धस्वराने उतरतो. काळी चारमध्ये रंगलेली बैठक पांढरी पाचच्या जवळ येऊन बसेल, आणि ज्या घरात तंबोरा आहे त्या घरात ते पहिल्याच आलापाला कळेल. सूर सावरून फक्त गती बदलणारी साधने आहेत, परंतु तंबोऱ्याच्या सलग नादात त्यांचे काम जाणकाराच्या कानाला खुपते, शिवाय लय तर बदलतेच. योग्य मार्ग असा की चित्र ५० पूर्ण फ्रेममध्ये मोकळे करून त्याचे ५९.९४ करावे, ४८० ओळींवर आणावे आणि इंटरलेस करावे. आवाजाला हातही लावू नये. हालचालीत किंचित अडखळणे दिसेल, बैठकीच्या चित्रात ते जाणवत नाही. आणि अमेरिकेच्या प्रतीत आवाज एसी-३ (आकुंचित) किंवा पीसीएमच (न आकुंचलेला) ठेवावा, एमपी२ ही दुसरी आकुंचन-पद्धत नको, कारण एनटीएससी प्लेअरवर तो वाजेलच अशी मानकाची हमी नाही.

आता उपशीर्षके. डीव्हीडीवर उपशीर्षक हे मजकूर म्हणून नसतेच. ते चार रंगांचे एक चित्र असते, जे प्लेअर व्हिडिओवर ठेवतो. मजकुराचे चित्र करण्याचे काम ऑथरिंग सॉफ्टवेअर करते, आणि तिथेच देवनागरी मोडते: ‘निर्मिती’ लिहिले तर पहिली वेलांटी ‘न’च्या नंतर जाते, रफार सुटा होतो आणि ‘र्म’ ऐवजी पाय मोडलेला ‘र्’ दिसतो. म्हणून ऑथरिंग सॉफ्टवेअर कोणतेही असो, त्याला मराठी मजकूर देऊच नये. सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एसआरटी (उपशीर्षकांचा मजकूर आणि वेळा असलेली) फाइल उघडावी, युनिकोड फॉन्ट निवडावा आणि व्हॉबसब (चित्ररूप उपशीर्षकांची फाइल) किंवा चित्रमालिका म्हणून निर्यात करावी. अक्षरे जुळवण्याचे काम तिथे आधीच झालेले असते, पुढच्या सॉफ्टवेअरला फक्त चित्रे आणि वेळा मिळतात. इंग्रजी उपशीर्षकेही त्याच मार्गाने काढावीत, म्हणजे दोन्हींची उंची आणि कडा सारख्या राहतात.

मी स्वतः डीव्हीडीऑथर वापरतो, जे डीव्हीडीस्टायलरच्या पोटातही काम करत असते. त्याला दृश्य रूप नाही. रचना एका एक्सएमएल (खुणा घातलेल्या मजकुराच्या) फाइलमध्ये लिहायची आणि आज्ञा द्यायची. फोटोशॉपचे मेन्यू आपल्याजवळ आहेत म्हणूनच हा मार्ग आपल्याला जमेल असे वाटते, कारण त्याला लागते तेच आपण इतकी वर्षे करत आला आहात. पार्श्वभूमीचे लेयर एका चित्रात काढावेत आणि आपले ते ‘बरोबर १’ चे लेयर पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळ्या पीएनजीमध्ये काढावेत. स्पमक्स नावाची त्याची सोबतीण ते पीएनजी मेन्यूच्या व्हिडिओत बसवते आणि बटणांच्या चौकटी आपण अंकांनी सांगतो.

दोन ठिकाणी हमखास अडायला होते, तेवढी सांगून ठेवतो. उजळणाऱ्या लेयरच्या कडा फोटोशॉपने गुळगुळीत केलेल्या असतात. दिसायला तो एकच पिवळा रंग असला तरी कडेला त्याच्या अनेक छटा असतात, चार रंगांची मर्यादा ओलांडली जाते आणि स्पमक्स ते चित्र नाकारते. अँटी-अलायझिंग बंद करून आकार पुन्हा रेखाटावा. दुसरे म्हणजे बटणाच्या चौकटीचे वरचे आणि खालचे अंक सम असावे लागतात, कारण चित्र एकाआड एक ओळींत विभागलेले असते. आणि सुरुवातीलाच पाल की एनटीएससी हे त्याला सांगून ठेवावे लागते, नाहीतर ते पुढे सरकत नाही.

मुक्काम ठाणे

मला इथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. ज्याचे हात एका सॉफ्टवेअरवर बसलेले आहेत, त्याने महिन्याकाठी दोन-चार तबकड्यांसाठी एक्सएमएल शिकावे का? विंडोज ७ चा संगणक चालू आहे तोवर त्याचे इंटरनेट काढून टाकावे आणि त्याला फक्त ऑथरिंगचे यंत्र म्हणून ठेवावे. पुढची पायरी म्हणून नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तीच कार्यप्रणाली आणि तेच सॉफ्टवेअर बसवून पाहावे. डीव्हीडी बर्नर त्या आभासी यंत्राला जोडण्याची गरजसुद्धा नाही. आत फक्त आयएसओ (पूर्ण तबकडीची एकच फाइल) बनवायची आणि बाहेर विंडोज ११ वर इमगबर्नने लिहायची. त्याचीही शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे आणि ते उत्तम चालते, फक्त इन्स्टॉल करताना सोबत काही दुसरे चढवू देऊ नका. परवाना नव्या यंत्रावर स्वीकारला जातो हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय जुन्या यंत्रावरचे सक्रियकरण काढू नये, हे मात्र पक्के लक्षात ठेवा.

तिसरी घंटा

आभासी यंत्राला माझा विरोध नाही, पण ते प्रोजेक्ट फाइलला कवटाळून बसण्याचे कारण होऊ नये. एनसीओआर ही प्रोजेक्ट फाइल एन्कोरशिवाय कोणी उघडत नाही. जुना संगणक चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या प्रयोगाच्या फोल्डरमध्ये मेन्यूची पीएसडी (फोटोशॉप फाइल), एन्कोड केलेला व्हिडिओ, आवाज, उपशीर्षकांची एसआरटी आणि चॅप्टरच्या वेळांची साधी मजकूर फाइल एवढे ठेवून द्यावे. सोबत तयार आयएसओ असावी. नुसती आणखी प्रत काढायची असेल तर आयएसओ पुरते. शेवटी कोणत्या मेन्यूवर जायचे एवढेच बदलायचे असेल तर पीजीसीएडिट हे मोफत साधन तयार व्हिडिओ_टीएस फोल्डरवरच ते करते, मूळ प्रोजेक्ट लागत नाही.

रंगमुद्रण

चर्चेतून माझ्यापुरता क्रम असा ठरवत आहे: एन्कोडिंग तातडीने एफएफएमपेगवर नेतो, जुने प्रोजेक्ट वरीलप्रमाणे मोकळे करून ठेवतो, नाटकांसाठी डीव्हीडीस्टायलर ‘कॉपी’ पर्यायाने वापरून पाहतो आणि ज्यांचा मेन्यू खास रचलेला आहे अशा बैठकींसाठी डीव्हीडीऑथरची पद्धत एका जुन्या पीएसडीवर शिकून घेतो. आभासी यंत्र मधल्या काळातली सोय म्हणून ठेवेन. टीएमपीजीएन्कची चाचणी आवृत्ती उतरवली आहे. साचा बदलून माझा मेन्यू किती जमतो ते पाहून विकत घ्यायचे की नाही ते ठरवेन. एकच शंका उरली. बैठकींचा आवाज आजवर मी एसी-३ मध्येच देत आलो, १९२ किलोबिटवर. पीसीएम ठेवल्याने खरोखर फरक पडतो का?

टाक-बोरू

नाटकाच्या संवादांना १९२ पुरतात. गायनाला पीसीएम द्यावे, जागा असेल तर. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल म्हणजे १,५३६ किलोबिट. दीड तासाच्या तबकडीत ते साधारण एक गिगाबाइट घेतात आणि चित्रासाठी तरीही ५.४ मेगाबिटच्या आसपास उरतात. बैठकीत कॅमेरा फारसा हलत नाही, तेवढे चित्राला भरपूर होते. दोन तासांच्या वर गेलात तर एसी-३ वरच राहावे, पण ३८४ किंवा ४४८ वर. ४४८ ही डीव्हीडीची कमाल आहे आणि तिथे तंबोऱ्याच्या जव्हारीतला १९२ वर ऐकू येणारा खरखरीतपणा बराच निवतो. एफएफएमपेगचे डीव्हीडी टार्गेट मुळातच ४४८ धरते, तेव्हा तो आकडा आपण हाताने खाली आणू नये एवढेच.

चाचणीसाठी पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू वापरावी, आणि ती व्हीएलसी या संगणकावरच्या प्लेअरवर पाहून समाधान मानू नये. व्हीएलसी मेन्यूतल्या बऱ्याच चुका पोटात घालते. ज्या वाचनालयाला प्रत द्यायची आहे त्यांच्याच प्लेअरवर मेन्यू, चॅप्टर आणि उपशीर्षकांची बटणे रिमोटने दाबून पाहावीत, आणि मगच पूर्ण संच लिहायला घ्यावा.